कोस्टा रिकाला राहायला जाताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोस्टा रिकाची चौकशी करायला आमच्याकडे मुख्यतः दोन प्रकारची मंडळी येतात. एक, मुलं अमेरिकेत असलेली निवृत्त जोडपी; दुसरे, लॅपटॉपवर काम करणारे तरुण. दोघांनाही आम्ही पहिल्या भेटीत एकच गोष्ट सांगतो. पहिली खेप पावसाळ्यात करा, भाड्याच्या घरात राहा आणि घर घ्यायचं की नाही ते परत आल्यावर ठरवा. यात आमचं काम लांबणीवर पडतं, पण तुमचे पैसे आणि मनस्ताप वाचतो.

तिथे डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांना 'व्हेरानो', म्हणजे उन्हाळा म्हणतात आणि मे ते नोव्हेंबरच्या पावसाळ्याला 'इन्व्हिएर्नो', म्हणजे हिवाळा. सगळी छायाचित्रं उन्हाळ्यातली असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पॅसिफिक किनाऱ्यावर आणि मधल्या खोऱ्यात सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर मुसळधार, असा क्रम असतो. कॅरिबियन बाजूला मात्र हेच दोन महिने त्यातल्या त्यात कोरडे जातात. कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला भिंतीची ओल, चामड्याच्या चपलांवरची बुरशी आणि मऊ पडलेले पापड नवे नाहीत. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांना त्याचा त्रास होतो. राजधानी सान होसे समुद्रसपाटीपासून सुमारे 1,170 मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे पंख्याशिवायही झोप लागते. किनाऱ्यावर घामाच्या धारा. देश एकच, पण हवा दोन तऱ्हेची. म्हणून दोन्हीकडे मुक्काम करून बघा.

देश लहान आहे, सुमारे 51,100 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. तरी नकाशावरचं अंतर पाहून वेळेचा हिशेब करू नका. बहुतेक रस्ते घाटाचे. सान होसेहून कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोनला जाणारा 32 क्रमांकाचा रस्ता दरडी कोसळल्या की बंद होतो. दिवस मावळतोही लवकर. वर्षभर संध्याकाळी सव्वापाच ते सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून प्रवास पहाटे सुरू करावा. किनाऱ्यावर पोहताना पाण्याची ओढ फार असते. स्थानिक लोक जिथे उतरत नाहीत तिथे उतरू नका.

विमान आणि व्हिसा

मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर फक्त विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. माद्रिद, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गेही जाता येतं. तुमच्या मार्गावर वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी आमच्याकडून तपासून घ्या. कोस्टा रिकाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट हातात ठेवा, विमानतळावर ते मागतात. किती दिवस राहता येईल हे तिथला अधिकारी ठरवतो, तेव्हा शिक्क्यावरचा आकडा काउंटर सोडण्यापूर्वी वाचा. पर्यटक म्हणून गेल्यावर तिथे नोकरी करता येत नाही.

शेजारच्या पनामात फिरून भारतात परतणार असाल तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागेल. ही लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून ती निघण्याआधी इथेच सरकारमान्य केंद्रात टोचून घ्या.

राहण्याचे परवाने

निवृत्तांसाठी 'पेन्सियोनादो' प्रकार आहे. जन्मभर मिळणारं, महिना किमान 1,000 डॉलरचं पेन्शन दाखवावं लागतं. मुदत ठेवीवरचं व्याज त्यात धरत नाहीत, ही गोष्ट आम्हाला फार वेळा समजावून सांगावी लागते. पेन्शन नसेल तर 'रेंतिस्ता': दोन वर्षं महिना 2,500 डॉलर मिळत राहतील याची हमी किंवा त्याऐवजी 60,000 डॉलरची ठेव. गुंतवणुकीच्या प्रकारात 2021च्या कायद्यानंतर किमान मर्यादा 1,50,000 डॉलर आहे. बाहेरच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी वेगळा, वर्षभराचा आणि पुढे वाढवता येणारा परवाना आहे. त्यासाठी एकट्याचं उत्पन्न महिना 3,000 डॉलर आणि कुटुंबासह 4,000 डॉलर असावं लागतं. पेन्सियोनादो आणि रेंतिस्ता यांना स्थानिक नोकरी करता येत नाही. तीन वर्षांनी कायम रहिवासासाठी अर्ज करता येतो. भारतातून रक्कम पाठवताना रिझर्व्ह बँकेची माणशी वार्षिक 2,50,000 डॉलरची मर्यादा लक्षात ठेवा.

नावाचा घोळ

आमचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो आहोत.

कोस्टा रिकात प्रत्येकाला दोन आडनावं असतात: पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. आपली मराठी रीत नेमकी उलटी. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. तिथल्या कारकुनाला तुमच्या वडिलांचं नाव हे पहिलं आडनाव वाटतं आणि खरं आडनाव तो दुसऱ्या रकान्यात टाकतो. एकदा असं नोंदवलं गेलं की बँक, विमा, भाडेकरार सगळीकडे तीच चूक उतरत जाते. आडनाव एकच आहे असं स्पष्ट सांगून 'उनिको आपेयीदो' अशी नोंद करून घ्या. हे दोन शब्द कागदावर लिहून खिशात ठेवा.

विवाहित स्त्रियांची अडचण आणखी मोठी. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. तिथल्या कार्यालयाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बाया. विवाह नोंदणीचा दाखला सोबत हवाच, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असेल तर तोही. साठीच्या पुढच्या कित्येकांच्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' आणि आई-वडिलांची नावं. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत जाऊन नाव लावून घेण्यापासून सुरुवात करावी लागते आणि तिथे महिने जातात.

मग सगळ्या दाखल्यांना राज्य शासनाचं साक्षांकन, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, आणि शेवटी अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. क्रम चुकवू नका. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र सर्वांत शेवटी काढा, कारण ते शिळं झालेलं चालत नाही.

घर आणि पत्ता

समुद्रकाठची जागा दाखवून कोणी बयाणा मागितला तर आधी आम्हाला कळवा. 1977च्या कायद्याप्रमाणे भरतीच्या रेषेपासून पहिले 50 मीटर सार्वजनिक आहेत आणि त्यामागच्या 150 मीटरांत बहुतेक ठिकाणी मालकी नव्हे, तर भाडेपट्टा मिळतो. परदेशी माणसाला तो त्या देशात पाच वर्षं राहिल्यावरच मिळू शकतो.

पत्ते खुणांवरून सांगतात: चर्चपासून 200 मीटर उत्तरेला, मग 50 पूर्वेला. 100 मीटर म्हणजे एक चौक, मोजपट्टीने मोजू नका. सान होसेजवळच्या सान पेद्रोमध्ये 'जुना इगेरोन' या झाडाची खूण आजही सांगतात, झाड केव्हाच गेलं आहे. आपल्याकडे वड तुटला तरी थांब्याचं नाव 'वडाचं झाड'च राहतं, तसंच हे.

स्वयंपाकघर

वीज 120 व्होल्टची आहे. आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता घोंघावतो, खोबरं वाटलं जात नाही. मिक्सर तिथेच घ्या. कुकर मात्र इथूनच न्या, सोबत दोन जादा रिंगा आणि शिट्टी. गोडा मसाला आणि हिंग नीट बंद करून न्या. कढीपत्त्याची डहाळी, बियाणं, ताजी फळं नेऊ नका.

बाकी फार कमी पडत नाही. आठवडी बाजाराला 'फेरिया' म्हणतात. शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. कोथिंबीर, पपई, नारळ, चिंच, कच्ची केळी भरपूर. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो 'युका' ताजा मिळतो. उकडून तूप-जिरं-मिरचीची फोडणी दिली की उपवास निभतो. गुळाला 'तापा दे दुल्से' म्हणतात. तो पालथ्या वाटीसारख्या ढेपेत मिळतो आणि उसाच्या गुऱ्हाळाला 'त्रापिचे' म्हणतात. कैरीच्या फोडी मीठ-लिंबू लावून तिथेही विकतात. आमच्याकडून गेलेल्या एका आजींनी पहिल्याच आठवड्यात याच गुळाची पुरणपोळी करून शेजारी वाटली आणि त्यानंतर त्यांची गल्लीत ओळख करून द्यावी लागली नाही.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढंच म्हटलं तर काहींच्या मते गोमांस नको, पण कोंबडी चालेल. 'मी मांस, कोंबडी, मासे, हॅम काहीच खात नाही' असं पूर्ण वाक्य पाठ करा; आम्ही ते छापील चिठ्ठीवर देतो. भात-घेवड्याच्या 'गायो पिंतो'त डुकराची चरबी नाही ना, हेही विचारा. बिलात 10 टक्के सेवाशुल्क आणि 13 टक्के कर आधीच धरलेला असतो, वेगळी बक्षिसी द्यावी लागत नाही. नळाचं पाणी बहुतेक शहरांत पिण्याजोगं आहे.

दवाखाना, फोन, भाषा

रहिवासी परवाना मिळाला की 1941 साली स्थापन झालेल्या 'काहा' या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत वर्गणी भरावीच लागते. विशेषज्ञांसाठी ताटकळावं लागतं, म्हणून बरेच जण खासगी विमाही घेतात. औषधांची चिठ्ठी मूळ घटकांच्या नावानिशी लिहून आणा, कारण आपल्याकडची व्यापारी नावं तिथे कळत नाहीत. तातडीचा क्रमांक 911. डेंग्यू तिथेही आहे, साचलेल्या पाण्याकडे लक्ष ठेवा.

भारत साडेअकरा तास पुढे. तिथले रात्रीचे आठ म्हणजे इथली दुसऱ्या दिवशीची सकाळ साडेसात, फोनला उत्तम वेळ.

इंग्रजी पर्यटकांच्या भागात चालते, नगरपालिकेत आणि दवाखान्यात चालत नाही. निघण्याआधी सहा महिने रोज अर्धा तास स्पॅनिश करा. सर्वांना 'उस्तेद', म्हणजे आपलं 'अहो-जाहो', म्हणायला हरकत नाही. तिथे घरातल्या मुलांनाही पुष्कळ जण तसंच बोलतात.

पहिल्या भेटीला येताना दोघांचेही पासपोर्ट, जन्म आणि विवाहाचे दाखले, पेन्शन आदेश किंवा उत्पन्नाचा पुरावा आणि रोजच्या औषधांची यादी आणा. दाखल्यांवरची नावं एकमेकांशी जुळत नसतील तर ती खोडू-सुधारू नका, आहेत तशीच आणा.