जॉर्जिया : डोंगरांनी राखलेला देश

जुन्या गोव्यात होली हिलच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंचीचा आणि अर्धा ढासळलेला एक मनोरा उभा आहे. ऑगस्टिनियन धर्मगुरूंच्या चर्चचे एवढेच ठळक अवशेष आता उरले आहेत. या पडक्या मठाच्या मातीत २००४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला मानवी हाताच्या हाडाचा एक तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेने पुढे त्याची डीएनए चाचणी केली, तेव्हा त्यातील मातृवंशाची खूण भारतीय लोकांत आढळणारी नसून जॉर्जियात सापडणारी असल्याचे २०१३ साली जाहीर झाले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राजधानी त्बिलिसीला जाऊन या अवशेषांचा एक भाग समारंभपूर्वक जॉर्जियाच्या हवाली केला. हाड राणी केतेवान हिचे होते, आणि ते स्वीकारण्यासाठी त्या देशाचे पंतप्रधान आणि धर्मप्रमुख दोघेही हजर होते. चारशे वर्षांपूर्वीच्या एका हाडासाठी एवढा सोहळा का झाला, याचे उत्तर त्या देशाच्या नकाशात दडलेले आहे.

जॉर्जियाचे क्षेत्रफळ सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. उत्तरेला बृहत् कॉकेशसची भिंत आहे. तिच्यातले श्खारा शिखर ५,१०० मीटरच्या वर जाते, तर काझबेगी पाच हजारांच्या किंचित वर थांबते. दक्षिणेला लघु कॉकेशस आहे आणि या दोन रांगांना जोडणारी लिखी नावाची बुटकी रांग देशाचे उभे दोन तुकडे करते. लिखीच्या पश्चिमेचे पाणी रिओनी नदीने काळ्या समुद्राला मिळते. तिकडे दमट हवा, भरपूर पाऊस, चहाचे मळे आणि संत्र्या-लिंबांच्या बागा. पूर्वेचे पाणी म्त्क्वारी नदीने कॅस्पियनकडे जाते. तिकडे कोरडी हवा, गहू आणि द्राक्षे. प्राचीन काळी पश्चिमेस कोल्खिस आणि पूर्वेस कार्तली अशी दोन स्वतंत्र राज्ये होती, ती मुख्यतः या पाणलोटामुळेच. ग्रीक कथांतले सोनेरी लोकरीचे कातडे याच कोल्खिसचे. डोंगरातले लोक सच्छिद्र पन्हळी आणि लोकरीची कातडी वापरून ओढ्यांच्या पाण्यातले सोने गोळा करतात, असे भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, त्यामुळे त्या कथेचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

दोन्ही अंगांना डोंगर असले, तरी मधली खोरी पूर्व-पश्चिम दोन्ही दिशांना उघडी आहेत, आणि हीच या देशाची अडचण ठरली. रोमन, सासानी, अरब, सेल्जुक, मंगोल, तैमूर, ऑटोमन, सफवी अशी माणसे या खोऱ्यांतून येत-जात राहिली. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘बांधकाम करणारा’ म्हणून ओळखला जाणारा राजा दावीद आणि त्याची पणती राणी तामार यांच्या काळात देश एकसंध व समर्थ होता; दावीदने ११२१ साली दिदगोरीची लढाई जिंकली आणि पुढच्याच वर्षी त्बिलिसी घेतली. हा वैभवाचा काळ जेमतेम शंभर वर्षांचा. तेराव्या शतकात मंगोल आले, पंधराव्या शतकाच्या अखेरीस राज्याची कार्तली, काखेती आणि इमेरेती अशी शकले झाली, आणि पुढची तीन शतके तुर्कांचे इस्तंबूल व इराणचे इस्फहान यांच्या रस्सीखेचीत गेली.

केतेवान ही काखेतीची राणी. तिचा मुलगा पहिला तेइमुराझ गादीवर असताना इराणचा शाह अब्बास याच्याशी बोलणी करण्यासाठी ती १६१४ साली ओलीस म्हणून त्याच्याकडे गेली. तिच्या जाण्याने स्वारी टळली नाही. अब्बासच्या फौजांनी काखेती उजाड केली, द्राक्षमळे आणि तुतीची झाडे तोडली, आणि लाखाच्या वर माणसे उठवून इराणात वसवली. इस्फहान प्रांतातल्या फेरेदुनशहर भागात त्यांचे वंशज आजही घरात जॉर्जियन बोलतात. राणीला शिराझमध्ये सुमारे दहा वर्षे कैदेत ठेवले होते. धर्म बदलण्यास तिने नकार दिल्यावर सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडशींनी तिचे हाल करून तिला ठार मारण्यात आले. शिराझमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष गुपचूप उकरून काढले आणि त्यांतला एक भाग १६२७ साली गोव्याच्या मठात आणला. मठातील एका खोलीच्या विशिष्ट खिडकीशी ठेवलेल्या दगडी पेटीचा पोर्तुगीज कागदपत्रांत उल्लेख होता. पण १८३५ मध्ये मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, तेव्हा ती खिडकी कोणती हे ओळखणेच अनेक वर्षे शोधकर्त्यांना डोकेदुखीचे झाले होते.

सपाटीवरचे राज्य असे उद्ध्वस्त होत असताना डोंगरात काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय मात्र जॉर्जियाचा इतिहास नीट समजत नाही.

वायव्येला एंगुरी नदीच्या वरच्या खोऱ्यात स्वानेती आहे. इथली स्वान भाषा जॉर्जियनची बहीण असली, तरी जॉर्जियन माणसाला ती समजत नाही, आणि ती लिहिण्याची परंपराही नाही. सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या उशगुली गावसमूहातील चाझाशी या एका वस्तीत मध्ययुगीन मनोरे आणि घरे मिळून दोनशेवर वास्तू उभ्या आहेत, आणि वरचे स्वानेती १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. स्वान मनोरा हा राजाचा किल्ला नव्हे. तो घराण्याचा असतो, घराला चिकटून बांधलेला. तीन ते पाच मजले, खाली जाड आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला लाकडी शिडी. संकट आले की शिडी वर ओढून घ्यायची. शेजारच्या दुमजली घरात तळाला माणसे आणि गुरे एकाच दालनात राहत. मध्ये चूल, भिंतीलगत कोरीव लाकडी कप्प्यांत गुरे, त्यांच्यावरच्या फळ्यांवर घरच्यांची अंथरुणे, जेणेकरून गुरांची ऊब फुकट जाऊ नये. वरच्या मजल्यावर गवताचा साठा असल्यामुळे ठिणगी उडून आग लागू नये म्हणून चुलीच्या वर दगडाची सपाट शिळा टांगलेली असे. बाहेरच्या शत्रूइतकाच गावातल्या सूडाच्या भांडणांसाठीही मनोरा लागे, हे सांगायला स्वान माणसे लाजत नाहीत.

याच खोऱ्यांत खालच्या मुलखातल्या मूर्तिचित्रांची, सोन्याचांदीच्या क्रुसांची आणि हस्तलिखितांची पाठवणी होत असे. लहानशा चर्चमध्ये ती ठेवली जात आणि किल्ली गावातल्या एखाद्या ठरावीक घराकडे असे. त्यातला बराचसा ठेवा आज स्वानेतीतल्याच मेस्तियाच्या संग्रहालयात आहे. दुसरे असेच ठिकाण काझबेगीच्या पायथ्याशी, सुमारे २,१७० मीटरवर असलेले चौदाव्या शतकातले गेर्गेतीचे चर्च. पर्यटकांच्या छायाचित्रांत ते निव्वळ देखणे दिसते, पण अठराव्या शतकातला राजपुत्र आणि भूगोलकार वाखुश्ती बाग्रातिओनी त्याची नोंद करतो ती वेगळ्या कारणासाठी : धोक्याच्या काळी जुनी राजधानी म्त्सखेता येथील मौल्यवान वस्तू इथे आणून ठेवत. त्या वस्तूंत संत निनोचा क्रूस होता. चौथ्या शतकात या देशात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या निनोने तो द्राक्षाच्या वेलीच्या काटक्यांचा केला आणि स्वतःच्या केसांनी बांधला, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच त्याचे आडवे हात किंचित खाली झुकलेले असतात.

ईशान्येचे तुशेती आणि खेवसुरेती हे भाग आणखी दुर्गम. तुशेतीत जाणारा अबानो घाट सुमारे २,८५० मीटरवर आहे आणि तो जूनच्या आसपास उघडून ऑक्टोबरात बर्फाखाली जातो. तुश मेंढपाळ उन्हाळा वरच्या कुरणांत काढतात आणि थंडीला कळप घेऊन काखेतीच्या सपाटीवर उतरतात. शाह अब्बासने उजाड केलेल्या काखेतीत त्याच्या वारसांनी तुर्कमेन टोळ्या वसवायला घेतल्या, तेव्हा आपली हिवाळी कुरणे जाणार हे या डोंगरी लोकांना आधी कळले. १६५९ साली तुश, प्शाव आणि खेवसुर एकत्र खाली उतरले आणि त्यांनी बाख्त्रिओनीचा किल्ला जिंकला. वसाहतीचा बेत त्यामुळे मोडला. काखेतीतल्या अलवानी परिसरातली कुरणे तुश लोकांना याच पराक्रमाबद्दल मिळाली, असे परंपरा सांगते. देशभक्तीचे काव्य या प्रसंगावर पुष्कळ रचले गेले आहे. माझ्या मते मेंढरांचा चारा हे कारणही त्याच्या तोडीचे आहे.

डोंगर वर सांभाळत होता, तर काखेतीची सपाटी जमिनीखाली सांभाळत होती. क्वेव्री म्हणजे अंड्याच्या आकाराचा मातीचा प्रचंड रांजण. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला हा रांजण मारानी नावाच्या खोलीत गळ्यापर्यंत पुरलेला असतो. द्राक्षांचा रस साली, बिया आणि कित्येकदा देठांसकट त्यात ओततात, आंबण्याची क्रिया शांत झाली की तोंड बंद करतात आणि पाच-सहा महिन्यांनी उघडतात. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही त्यामुळे अंबरासारख्या रंगाची होते. त्बिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अंश आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ती खापरे इसवी सनापूर्वी ६००० ते ५८०० या काळातली आहेत. जमिनीवरचे वेल शत्रूने तोडले, तरी पुरलेले रांजण आणि पाचशेहून अधिक जातींच्या द्राक्षांचे ज्ञान घराघरांत टिकले. सोव्हिएत काळात कारखान्यांत गोडसर वाइनचा महापूर आला, तेव्हाही क्वेव्री घरगुती वापरात राहिलीच. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातल्यावर नव्या बाजारपेठा शोधाव्या लागल्या, आणि परदेशी ग्राहकाला हवे होते ते नेमके हे जुने काम. २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त वारशात स्थान दिले. जॉर्जियन लिपीच्या तीन वळणांची लेखनसंस्कृती त्या यादीत २०१६ मध्ये आली.

डोंगरांची ही राखण मात्र एका खिंडीने उलटवली. काझबेगीच्या पूर्वेला तेर्गी नदीने कोरलेली दारियालची घळ आहे. नावच मुळी फारसी, ‘दर-ए-आलान’, म्हणजे आलान लोकांचे दार. काखेती आणि कार्तलीचा राजा दुसरा एरेक्ले याने इराणच्या जाचाला कंटाळून १७८३ मध्ये रशियाशी गिओर्गिएव्हस्कचा तह केला आणि रशियन सैनिकांनी लगोलग या घळीतून गाडीरस्ता तयार करायला घेतला. १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने त्बिलिसी लुटली, जाळली. संरक्षणाचे वचन देणारे मदतीला आले नाहीत. १८०१ मध्ये रशियाने राज्य खालसा केले. ज्या रस्त्याने मदत यायची होती, त्याच रस्त्याने सत्ता आली, आणि त्याचे नाव आजही ‘जॉर्जियन लष्करी मार्ग’ असेच आहे.

२६ मे १९१८ रोजी स्वतंत्र झालेले प्रजासत्ताक फेब्रुवारी १९२१ मध्ये लाल सेनेने बुडवले, तेव्हा ठेवा डोंगरात नेण्याची सोय उरली नव्हती. सरकारने संग्रहालये आणि मठांतील खजिना ३९ पेट्यांत भरून काळ्या समुद्रावरच्या बातूमीहून बोटीने फ्रान्सला नेला. सोबत इतिहाससंशोधक एक्वतिमे ताकाइश्विली होते. त्यांनी चोवीस वर्षे हलाखीत काढली, पत्नी परदेशातच वारली, पण पेट्यांतली एकही वस्तू विकली नाही. १९४५ मध्ये ती सारी घेऊन ते त्बिलिसीला परतले. त्यानंतरची आठवण १४ एप्रिल १९७८ ची : नव्या सोव्हिएत घटनेतून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढण्याचे ठरले, तेव्हा हजारो लोक त्बिलिसीच्या रस्त्यावर उतरले आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. ९ एप्रिल १९९१ रोजी देशाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले.

त्या स्वातंत्र्यालाही डोंगरातले भोक नडले. सोव्हिएत राजवटीने १९८०च्या दशकात कॉकेशसखालून दक्षिण ओसेतियाकडे रोकीचा बोगदा काढला होता; ऑगस्ट २००८ मध्ये रशियन रणगाडे त्यातून आले. दक्षिण ओसेतिया आणि अबखाझिया हे फुटून निघालेले प्रदेश मिळून देशाचा सुमारे पाचवा हिस्सा आजही त्बिलिसीच्या ताब्यात नाही.

उर्वरित सीमेवर रशियाकडे जाणारा रस्ता दारियालचाच आहे. आर्मेनिया, तुर्कस्तान आणि रशिया यांच्यामधली मालवाहतूक त्यावरून चालते, आणि सुमारे २,४०० मीटर उंचीच्या ज्वारी खिंडीत हिमकडे कोसळले की ट्रकांची रांग कित्येक किलोमीटर लांबते. खिंड टाळण्यासाठी क्वेशेती ते कोबी असा नवा रस्ता बांधला जात असून त्यात नऊ किलोमीटरचा बोगदा आहे. हा रस्ता खादाच्या खोऱ्यातून जातो. खादाला ‘साठ मनोऱ्यांची दरी’ म्हणतात. त्यातले बरेच मनोरे पडलेले आहेत. बारमाही वाहतूक सुरू होणार म्हणून गावकऱ्यांपैकी काहींना आनंद आहे, तर उरलेल्या मनोऱ्यांच्या पायाला सुरुंगांचा आणि अवजड वाहनांचा हादरा बसेल म्हणून काहींनी, आणि वारसा जपणाऱ्या मंडळींनी, बांधकामाच्या आखणीपासूनच हरकत घेतली आहे.