लाँग टर्म व्हिसावरचे घर आणि त्याचे वारस

जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्याचे कुमारनगर या फाळणीतून वसलेल्या वस्त्या. १९ जुलै १९४८पूर्वी आलेल्यांना घटनेच्या सहाव्या कलमाने नागरिकत्व मिळाले. सिंधमध्ये राहिलेले आप्त मात्र पुढे कित्येक दशके व्हिसावर येत राहिले आणि एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट झाले. वारसाचा गुंता तिथूनच सुरू होतो.

पाकिस्तानी पासपोर्टवर घर घेणे अवघड. म्हणून पैसे आपले आणि खरेदीखत भारतीय मेव्हण्याच्या किंवा चुलतभावाच्या नावे, असा मार्ग काढला जातो. दोघे हयात असेतो हे निभते. चुलतभाऊ गेला की प्रॉपर्टी कार्डावर त्याच्या मुलांची वारस नोंद लागते. १९८८च्या बेनामी व्यवहार कायद्याचे चौथे कलम ‘खरा मालक मीच’ असा दावाच लावू देत नाही. नोटरीपुढे केलेला खासगी करारही तिथे कामी येत नाही. आयुष्याची कमाई अशी जाताना पाहणे फार क्लेशाचे आहे, कारण २०१८पासून सरळ रस्ता उपलब्ध आहे.

त्या वर्षीच्या परकीय चलन नियमांनी पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांना लाँग टर्म व्हिसावर एक राहते घर आणि स्वयंरोजगारासाठी एक जागा घेण्याची मुभा दिली. शेतजमीन त्यात बसत नाही. पैसा कुठून आला याचे प्रतिज्ञापन जिल्ह्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचे. खरेदीखतात राष्ट्रीयत्व आणि व्हिसा दोन्ही लिहायचे. प्रती परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला पाठवायच्या. राष्ट्रीयत्वाचा उल्लेख गाळला तर अट मोडते, आणि ते बहुधा वारस घर विकायला निघतात तेव्हा उघड होते. नागरिकत्व मिळण्याआधी विकायचे तर परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

मुलांचे गणित जन्मतारखेवर आहे. ३ डिसेंबर २००४पासून भारतात जन्मलेले मूल नागरिक ठरायला आईवडील दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. दोघेही व्हिसावर असतील तर जळगावात जन्मलेले मूलही परदेशीच. जन्मनोंद २१ दिवसांत करावी; वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

नागरिकत्व कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या या अल्पसंख्याकांसाठी नागरिकत्वाला लागणारी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली. त्या दुरुस्तीचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, पण हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा कायम राहिले.

नागरिकत्वाची वाट पाहत मृत्युपत्र लांबवू नये. त्याला मुद्रांक शुल्क नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक असली तरी करावी. अल्पवयीन मुलांचा पालक त्यातच नेमता येतो. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, त्यावर विसंबू नये. वारस पाकिस्तानात असेल तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न येतो. पासपोर्ट, व्हिसा आणि खरेदीखतावरील नावाचे स्पेलिंग आजच जुळवून घ्यावे.