ब्रेक दाबल्यावर पेट्रोलचा काटा का हलतो?

गाडी जागेवर उभी आहे, इग्निशन चालू आहे. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा सरकतो, पाय काढला की मूळ जागी येतो. इंडिकेटर लावला तर त्याच्याच तालावर डुलतो. जरा जुन्या गाड्यांत हे हमखास दिसतं. मग मीटरवर संशय घेऊन अख्खा डॅशबोर्ड उघडला जातो. बिघाड मात्र बरेचदा गाडीच्या मागच्या भागात, पत्र्याला कसलेल्या एखाद्या गंजक्या स्क्रूपाशी असतो.

टाकीतला फ्लोट पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होतो आणि त्याला जोडलेला रोध (रेझिस्टन्स) बदलतो. हाच टाकीतला सेन्सर. त्या रोधातून किती प्रवाह जातो, त्यावर काटा कुठे थांबायचं ते ठरतं. म्हणून सर्किटमध्ये दुसरीकडे कुठे जादा रोध घुसला, तर काटा तोही पेट्रोलच्या हिशेबात धरतो.

असा रोध घुसण्याची नेहमीची जागा म्हणजे अर्थ, म्हणजेच प्रवाहाची परतीची जोडणी. बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं आणि प्रवाह पत्र्यातूनच परततो. टाकीतला सेन्सर आणि मागचे दिवे अनेक गाड्यांत एकाच अर्थ पॉइंटवर येतात. तिथे गंज चढून ०.२ ओहम रोध तयार झाला असं समजा. सेन्सरचा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला, तर त्या जोडावर जेमतेम ०.०१ व्होल्ट पडतो. काट्याला फरकही कळत नाही. आता ब्रेक दाबा. २१ वॅटचे दोन बल्ब पेटतात, साडेतीन अँपिअर प्रवाह त्याच जोडातून जातो आणि तिथे ०.७ व्होल्ट पडतो. सेन्सरचा अर्थ शून्यावर न राहता तेवढा वर उचलला गेला, की काटा हलणारच.

हा दोष मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर, म्हणजे रोध मोजून, शोधायला गेलात तर फसाल. मल्टिमीटर तपासताना अगदी क्षीण प्रवाह सोडतो, त्यामुळे एकाच धाग्यावर तग धरून असलेली वायरही धडधाकट भासते. शिवाय त्याच्या प्रोबचाच रोध एवढा असू शकतो की ०.२ ओहम त्यातच लपून जातात. त्यापेक्षा डीसी व्होल्ट रेंज लावा. काळी प्रोब थेट बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल प्रोब सेन्सरच्या अर्थ वायरवर, आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ ठीक. जास्त असेल तर लाल प्रोब वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर), मग स्क्रूवर, मग उघड्या पत्र्यावर टेकवत जा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम घसरतो, दोष त्यांच्यामध्येच आहे. जोड उघडून धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट कसा, वरून ग्रीस लावा आणि पुन्हा मोजा. टाकीजवळ पेट्रोलची वाफ असते. तिथे ठिणगी उडेल असं काहीही करू नका.

डॅशबोर्डवरचा एकच मीटर बंद असेल तर आधी त्याचा सेन्सर आणि वायर बघावी. सगळे एकदम गेले तर फ्यूज, सामाईक फीड (सगळ्यांना वीज पुरवणारी वायर) किंवा क्लस्टरचा, म्हणजे सगळे मीटर असलेल्या पॅनेलचा, अर्थ तपासावा. जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले, तर त्या दोघांना स्थिर व्होल्टेज पुरवणारा रेग्युलेटर बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा घालणं मात्र धोक्याचं आहे, वायरिंग जळू शकतं. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरलाही हात लावू नये.

नव्या गाड्यांत क्लस्टरला बरीचशी माहिती कॅन बसवरून, डिजिटल संदेशांच्या रूपात मिळते. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली. तिच्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोध निखळला आहे किंवा मध्येच तार तुटली आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर असेल तर काम आणखी सोपं होतं. त्यावर तापमान बरोबर दिसतंय आणि काटा चुकतोय, म्हणजे सेन्सर ठीक आहे. क्लस्टर बाहेर काढायची वेळ खरं तर तेव्हाच येते. आत काटे फिरवणाऱ्या छोट्या स्टेपर मोटरी आणि कनेक्टरच्या पिना असतात. त्यांच्या सोल्डरिंगला केसाएवढी चीर पडली आहे का, हे भिंगाखाली बघायला हवं.