सर्व्हरचा देश: एका प्रश्नामागची तीस वर्षं

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, विकत घेताना एक यादी समोर येते: फ्रँकफर्ट, सिंगापूर, व्हर्जिनिया, टोकियो, साओ पावलो. बहुतेक जण वाचक जिथे जास्त तिथलं किंवा स्वस्त पडेल ते ठिकाण निवडून मोकळे होतात. पण काहींना ही निवड त्याहून मोठी वाटते. यादीतलं शहर बदललं की आपल्याला लागू होणारा कायदाही बदलला, असा त्यांचा हिशेब असतो. 'जिथे सर्व्हर, तिथला कायदा' हे सूत्र कधीच पूर्ण खरं नव्हतं, तरीही ते अजून टिकून आहे, कारण एकेकाळी ते खरं ठरेल असं बऱ्याच शहाण्या माणसांना मनापासून वाटत होतं.

जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांच्या, सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या, नेक्स्ट संगणकावर होती. सर्न स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर आहे, पण या साइटला कुठला कायदा लागू, असं कुणी विचारलं नाही. चिंता होती ती कुणीतरी चुकून यंत्र बंद करेल याची, म्हणून त्यावर 'हा सर्व्हर आहे, बंद करू नका' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. पुढची काही वर्षं साइट आपल्याच विद्यापीठात नाहीतर अमेरिकेत ठेवायची, अशी रीत होती. अमेरिका निवडण्यामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. तिथे बँडविड्थ स्वस्त होती आणि कंपन्या होत्या, एवढंच.

कायद्याचा प्रश्न पहिल्यांदा ठसठशीतपणे आला तो डिसेंबर १९९५ मध्ये, जर्मनीतल्या बव्हेरियात. म्युनिकच्या सरकारी वकिलांनी कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेवरच्या सुमारे दोनशे न्यूजग्रुपवर, म्हणजे चर्चेच्या गटांवर, आक्षेप घेतला. सामग्री होती ओहायोतल्या यंत्रांवर. फक्त जर्मन ग्राहकांपुरती ती बंद करण्याचं तंत्र कंपनीकडे नव्हतं, म्हणून तिने हे गट जगभरच बंद केले. जर्मनीतल्या एका सरकारी कार्यालयामुळे जपानपासून कॅनडापर्यंतच्या वाचकांपुढचा मजकूर गेला आणि एकच ओरड झाली. कंपनीच्या जर्मन शाखेचे माजी प्रमुख फेलिक्स सोम यांना मे १९९८ मध्ये दोषी ठरवण्यात आलं. पुढच्या वर्षी अपिलात ते सुटले, पण एक गोष्ट तेव्हाच दिसायला हवी होती: सर्व्हर ओहायोत असूनही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो जर्मन शाखेचा माणूस.

त्या काळाचा सूर मात्र वेगळाच होता. ८ फेब्रुवारी १९९६ ला इंटरनेटच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते जॉन पेरी बार्लो यांनी दावोसहून 'सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा' प्रसृत केला आणि इथे तुमचं सार्वभौमत्व चालत नाही, असं सरकारांना बजावलं. त्याच दिवशी अमेरिकेत ज्या दूरसंचार कायद्यावर सही झाली, त्याच्या निषेधात हा जाहीरनामा लिहिलेला होता. गंमत अशी की त्याच कायद्यातल्या कलम २३० ने अमेरिकेला साइट ठेवायला सर्वांत सोयीचा देश बनवलं. लोकांनी लिहिलेल्या मजकुरासाठी साइट चालवणाऱ्याला लेखक-प्रकाशक धरायचं नाही, असं ते कलम सांगतं. १९९८ च्या डीएमसीए कायद्याने प्रताधिकाराच्या बाबतीतही वाट आखून दिली: तक्रार आली की मजकूर काढा, मग नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण मिळेल. युरोपीय संघाने २००० साली ई-कॉमर्स निर्देशात अशाच धर्तीची, पण जरा आखडती सूट दिली. साइटसाठी देश निवडताना कायदा हा निकष खऱ्या अर्थाने इथून आला.

या निकषाचा धंदा सगळ्यांत आधी ओळखला तो जुगारवाल्यांनी. अँटिग्वा आणि बार्बुडाने १९९४ मध्येच मुक्त व्यापार क्षेत्राचा कायदा करून ऑनलाइन जुगाराला परवाने द्यायला सुरुवात केली. मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके या मोहॉक वस्तीने १९९६ मध्ये स्वतःचा जुगार आयोग नेमला आणि पुढे आपल्या हद्दीत डेटा सेंटर उभारलं. परवाना हवा तर सर्व्हर आमच्याकडे ठेवा, असा सरळ व्यवहार होता. सॅन फ्रान्सिस्कोचा वायदेबाजार सोडून जे कोहेन अँटिग्वाला गेले आणि वर्ल्ड स्पोर्ट्स एक्स्चेंज सुरू केलं ते याच भरवशावर. १९९८ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर आरोप ठेवले गेले. आपलं म्हणणं कोर्टात टिकेल या खात्रीने ते स्वतःहून परतले. सर्व्हर अँटिग्वात, परवाना अँटिग्वाचा, धंदा तिथे कायदेशीर. पण पैज लावणारा न्यूयॉर्कमध्ये होता आणि फोन-तारेवरून पैजा घ्यायला मनाई करणारा १९६१ चा अमेरिकी वायर कायदा तेवढ्यावर लागू झाला. कोहेन यांना २१ महिन्यांची शिक्षा झाली. अँटिग्वाने पुढे हा वाद जागतिक व्यापार संघटनेत नेला आणि जिंकलाही. २००७ मध्ये वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरच्या अमेरिकी बौद्धिक संपदेवर पाणी सोडायला लावण्याचा हक्क त्या चिमुकल्या देशाला मिळाला. कोहेन यांची शिक्षा तोवर भोगून झाली होती.

मग कायदाच नसलेली जागा शोधू, असं काहींनी ठरवलं. इंग्लंडच्या सफक किनाऱ्यापासून जवळ समुद्रात दुसऱ्या महायुद्धातला एक तोफमंच आहे. रॉय बेट्स यांनी १९६७ मध्ये त्यावर कब्जा करून 'सीलँड' हा देश जाहीर केला होता. २००० साली रायन लॅकी, शॉन हेस्टिंग्ज आणि मंडळींनी तिथे हॅवनको ही होस्टिंग कंपनी सुरू केली. बाल लैंगिक शोषणाचा मजकूर, स्पॅम आणि हॅकिंग सोडून बाकी सगळं चालेल, अशी जाहिरात होती. मासिकांनी मुखपृष्ठं दिली, ग्राहक मात्र फारसे आले नाहीत. इंटरनेटची जोडणी तुटपुंजी होती, पैसा कमी होता आणि ब्रिटनने १९८७ मध्येच आपली सागरी हद्द तीनवरून बारा सागरी मैलांवर नेल्यामुळे तो मंच ब्रिटनच्या दाव्याखाली येत होता. २००२ मध्ये लॅकी बाहेर पडले, २००८ मध्ये हॅवनको बंद झाली. ब्रिटिश आरमाराला तोफ डागावी लागली नाही. माझ्या मते या प्रकरणाचा खरा धडा कायद्याचा नाहीच. जिथे कुणाचंच राज्य नाही तिथे केबलचा करार पाळायला लावणारं आणि पैसे बुडवणाऱ्याला जाब विचारणारंही कुणी नसतं. खुद्द लॅकी यांचं सीलँडच्या कारभाऱ्यांशीच बिनसलं, तेव्हा दाद मागायला जागा नव्हती.

दरम्यान किनाऱ्यावर प्रश्नाची बाजूच पालटत होती. मे २००० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने याहूला आदेश दिला: लिलावाच्या पानांवरच्या नाझी वस्तू फ्रान्समधल्या लोकांना दिसता कामा नयेत. आमचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, आम्हाला अमेरिकी राज्यघटनेचं संरक्षण आहे, आणि कोण कुठून पाहतोय हे आम्हाला कळत नाही, असं याहूचं म्हणणं. शेवटचा मुद्दा फार काळ टिकला नाही. याहू फ्रेंच पाहुण्यांना फ्रेंच जाहिराती दाखवत होती, म्हणजे कोण कुठला हे तिला चांगलंच ठाऊक होतं. फ्रान्समधून येणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक आयपी पत्त्यावरून ओळखता येतील, असं तज्ज्ञांच्या समितीनेही सांगितलं. नोव्हेंबरमध्ये आदेश कायम झाला, दिवसाला एक लाख फ्रँक दंडाच्या धाकासह. जानेवारी २००१ मध्ये याहूने असल्या वस्तू लिलावातून काढून टाकल्या.

दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दुसरा खिळा ठोकला. बॅरन्स नियतकालिकाच्या लेखामुळे आपली बदनामी झाली, असं व्हिक्टोरिया राज्यातले उद्योजक जोसेफ गटनिक यांचं म्हणणं होतं. प्रकाशक डाउ जोन्सचा सर्व्हर न्यू जर्सीत. मजकूर सर्व्हरवर चढला तिथेच प्रकाशन झालं असं धरा, नाहीतर अफगाणिस्तानपासून झिंबाब्वेपर्यंत प्रत्येक देशाचा कायदा पाहत बसावं लागेल, असा कंपनीचा युक्तिवाद होता. १० डिसेंबर २००२ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. बदनामी वाचणाऱ्याच्या मनात होते, म्हणून ती वाचली जाते तिथे घडते. झिंबाब्वेची भीती न्यायाधीशांना अवास्तव वाटली, कारण जिथे नावलौकिक आहे आणि जिथे निकाल वसूल करता येईल अशाच ठिकाणी माणूस दावा लावणार.

या 'वसूल करता येईल'मध्ये बरंच काही सामावलेलं आहे. अमेरिकेने २०१० मध्ये कायदाच केला की आपल्याकडच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या निकषाला न उतरणारे परदेशी बदनामीचे निकाल आपली न्यायालयं अमलात आणणार नाहीत. म्हणजे ज्याची मालमत्ता आणि बँक खातं फक्त अमेरिकेत, तो बऱ्यापैकी सुरक्षित. ज्याचं कार्यालय लंडनमध्येही आहे, तो नाही. सर्व्हर कुठे आहे याला या हिशेबात जागाच नाही.

चित्रपट-गाणी फुकट उतरवून घ्यायला मदत करणाऱ्या पायरेट बे या साइटची कथा याच वळणाची. ३१ मे २००६ ला स्वीडिश पोलिसांनी स्टॉकहोममधले सर्व्हर उचलून नेले, आणि त्याच ठिकाणच्या काहीही संबंध नसलेल्या इतर ग्राहकांची यंत्रंही सोबत गेली. तीन दिवसांत साइट पुन्हा उभी राहिली. खटला मात्र स्टॉकहोममध्येच चालला आणि एप्रिल २००९ मध्ये चौघांना एकेक वर्षाची कैद सुनावली गेली. यंत्रं पळवता येतात, माणसांचा संसार नाही.

उलट उदाहरणही आहे. फाइली साठवून वाटण्याची साइट मेगाअपलोड, तिची कंपनी हाँगकाँगची, संस्थापक किम डॉटकॉम न्यूझीलंडमध्ये. पण सर्व्हरचा मोठा साठा व्हर्जिनियात भाड्याने घेतलेला होता आणि जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेने तोच धागा धरून खटला भरला. तेव्हा सर्व्हरच्या देशाला काहीच अर्थ नाही, असंही नाही. तो देश ढाल म्हणून क्वचितच उपयोगी पडतो, गळ म्हणून मात्र हमखास.

साइटच्या नावाचा, म्हणजे डोमेनचा, देश हे आणखी एक प्रकरण, आणि त्याकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. डॉट कॉमची नोंदवही व्हेरीसाइन ही व्हर्जिनियातली कंपनी सांभाळते. फेब्रुवारी २०१२ मध्ये बोडॉग या जुगाराच्या साइटचं डॉट कॉम नाव मेरीलँडच्या अधिकाऱ्यांनी तिच्यामार्फत ताब्यात घेतलं, नाव नोंदवलेलं होतं ते कॅनडातल्या कंपनीकडे तरीही. त्याआधी ऑक्टोबर २०१० मध्ये लिबियाच्या नोंदणी संस्थेने व्हीबी डॉट एलवाय हे नाव काढून घेतलं (डॉट एलवाय हे लिबियाचं डोमेन), मजकूर इस्लामी कायद्याला धरून नाही म्हणून. लिंक आखूड करायला गोंडस म्हणून डॉट एलवाय घेतलेल्यांना आपण त्रिपोलीच्या अखत्यारीत आहोत हे तेव्हा कळलं. गुप्त कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्सवर डिसेंबर २०१० च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तर सगळंच एकदम आलं. अमेझॉनने आपल्या अटींचा भंग झाल्याचं सांगून साइट सर्व्हरवरून हटवली, मग नावाची सेवा देणाऱ्या कंपनीने हात वर केले. साइट डॉट सीएच या स्विस नावावर परतली. यातल्या एकाही पावलासाठी न्यायालयाचा आदेश लागला नव्हता.

२०१३ नंतर भीतीचा रंग पालटला. एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या, अमेरिकी हेरगिरीच्या कागदपत्रांमुळे साइटचे मालक 'मजकूर काढायला कोण लावेल' याच्याऐवजी 'माहिती कोण वाचेल' असं विचारू लागले. अमेरिकी कंपन्यांनी युरोपातली डेटा सेंटरं पुढे केली. पण तिथेही एक पेच निघाला. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्टकडे एका खात्याचे ईमेल मागितले आणि ते होते डब्लिनमध्ये. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच मार्च २०१८ मध्ये क्लाउड कायदा आला: माहिती अमेरिकी कंपनीच्या ताब्यात असेल तर ती कुठल्या देशात ठेवली आहे हे गौण. फ्रँकफर्ट निवडलं पण कंपनी सिएटलची, तर निवड झाली ती अंतराची, अखत्यारीची नाही. युरोपने दुसऱ्या टोकाने हेच केलं. २५ मे २०१८ पासून लागू झालेलं जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम, युरोपातल्या लोकांना सेवा देणाऱ्या कुणालाही लागू होतं, सर्व्हर पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असो. युरोपातून अमेरिकेत माहिती नेण्याची व्यवस्था युरोपच्या न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये, अशी दोनदा, मोडीत काढली. तिसरी २०२३ मध्ये आली.

काही देशांनी तर निवडच काढून घेतली. चीनच्या मुख्य भूमीवर साइट ठेवायची तर सरकारी नोंदणी क्रमांक लागतो, म्हणून चिनी वाचकांसाठीच्या कित्येक परदेशी साइट हाँगकाँगमध्ये असतात. रशियाने १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्या नागरिकांची माहिती रशियातच साठवायला सांगितली आणि पुढच्या वर्षी लिंक्डइन बंद केलं. भारताच्या रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहारांच्या माहितीबाबत तसाच नियम केला.

हे सगळं होत असताना भौतिकशास्त्र आपल्या जागी होतं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे एक हेलपाटा म्हणजे १०० मिलिसेकंद, आणि सुरक्षित जोडणी उघडून पहिला मजकूर येईपर्यंत असे तीन-चार हेलपाटे होतात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाईने आणि नंतर इतरांनी प्रती वाचकाजवळ ठेवून हा प्रश्न बराच सोडवला, पण त्यामुळे साइट एका देशात असते हीच कल्पना विरळ झाली. मूळ प्रत एकीकडे, चित्रं पन्नास शहरांत, नाव तिसऱ्याच देशात. सर्व्हर ज्या देशात तिथल्या शोध-निकालांत साइट वर येते, या समजुतीतही आता फारसा दम नाही. गूगल देशाच्या डोमेनला ठळक खूण मानतं, सर्व्हरच्या जागेला फार तर दुबळी.

जागेचं जे उरलं आहे ते अगदी ठोस आहे: वीज, केबल, आग आणि दारावर येणारा पोलीस. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एक इमारत जळून खाक झाली, तेव्हा ज्यांची बॅकअपची प्रतही त्याच आवारात होती त्यांच्या साइट कायमच्या गेल्या. सरकारंही आता याच हिशेबाने परदेशात जागा घेऊ लागली आहेत. एस्टोनियाने २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून तिथल्या डेटा सेंटरमध्ये आपल्या सरकारी नोंदींची प्रत ठेवली. त्या खोलीला वकिलातीसारखं संरक्षण आहे. युक्रेनचा कायदा सरकारी माहिती देशाबाहेर ठेवू देत नव्हता. १७ फेब्रुवारी २०२२ ला तिथल्या संसदेने तो बदलला, आणि आठवड्याभरात क्षेपणास्त्रं पडू लागली तेव्हा नोंदी बाहेर हलवायला सुरुवात झाली.