सव्वीस मिनिटांवरून दोन तासांचं भाकीत

युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने २०२० साली व्हॅलेन्सियात १०,००० मीटर २६ मिनिटं ११ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच शहरात तो आपली पहिली मॅरेथॉन धावला. वेळ २:०८:५९, क्रमांक सदतिसावा. ट्रॅकवरचा विश्वविक्रमवीर सदतिसावा कसा येतो?

अमेरिकी अभियंते पीट रीगेल यांचं एक सूत्र धावपटूंमध्ये प्रसिद्ध आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडा जास्त लागतो. अंतर जितक्या पट वाढलं, त्या आकड्याचा १.०६ वा घात घ्यायचा. १०,००० मीटरवरून मॅरेथॉनला जाताना वेळेला ४.६ ने गुणायचं, झालं. चेप्तेगेईसाठी उत्तर येतं दोन तास आणि अर्धा मिनिट. इथिओपियाचा धावपटू केनेनिसा बेकेले याच्यासाठी २:००:५७. तो बर्लिनमध्ये २:०१:४१ धावला, म्हणजे सूत्र जवळजवळ बरोबर. केनियाच्या एलियुड किपचोगेच्या १०,००० मीटरच्या २६:४९ या वेळेवरून २:०३:२२ येतं आणि तो पठ्ठ्या २०२२ मध्ये बर्लिनला २:०१:०९ धावला!

ट्रॅकवरची वेळ ताज्या शरीराची असते. मॅरेथॉनचा निकाल लागतो दीड तास धावून झालेल्या शरीरात, आणि ते शरीर आतून वेगळं असतं. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

मंद स्नायूतंतू कमी ऑक्सिजन वापरून, लवकर न थकता काम करतात. त्यांच्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत आलं की मेंदू जलद तंतूंना कामाला लावतो. ते तितक्याच वेगासाठी जास्त ऑक्सिजन मागतात. म्हणजे वेग तोच, खर्च मात्र वाढता. शिवाय ग्लायकोजेन कुठे साठलंय हेही महत्त्वाचं. तंतूच्या आत, आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म धाग्यांच्या मधोमध असलेला छोटासा साठा रिकामा झाला, तर सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून, म्हणजे तंतूतल्या कॅल्शियमच्या कोठारातून, कॅल्शियम कमी सुटतं. कॅल्शियमशिवाय अ‍ॅक्टिन-मायोसिन या स्नायू आकुंचित करणाऱ्या प्रथिनांची एकमेकांवर पकड बसत नाही. स्नायूत इतरत्र इंधन शिल्लक असतानाही पाय जड होतात ते यामुळे. ५५ किलोच्या धावपटूला पूर्ण मॅरेथॉनसाठी साधारण २३०० किलोकॅलरी लागतात, म्हणून धावताना साखर पीत राहणं आणि ती पचवणं हेसुद्धा कौशल्यच.

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकल जॉयनर यांनी १९९१ मध्ये तीन गोष्टींवरून मॅरेथॉनची शक्य असलेली वेळ काढली होती: ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, लॅक्टेट थ्रेशोल्ड (ज्या वेगापुढे रक्तात लॅक्टेट साचू लागतं तो टप्पा) आणि धावण्यातली काटकसर (ठरावीक वेगाला किती कमी ऑक्सिजन लागतो ते). त्यांचं उत्तर होतं १:५७:५८. आता संशोधक त्यात चौथी गोष्ट जोडतात, टिकाऊपणा: दोन तासांनंतर या तिन्हींतलं किती शिल्लक राहतं? ते मोजायचं तर धावपटूला आधी दमवावं लागतं आणि मग चाचणी घ्यावी लागते. लाळेचा नमुना घेऊन ‘तुमचं मूल मॅरेथॉनपटू होईल का’ हे सांगणाऱ्या जनुकीय चाचण्या विकल्या जातात, त्यांना मात्र विज्ञानाचा आधार नाही. पालकांनी त्यांवर पैसे घालवू नयेत.

केनियाच्या केल्विन किप्टमने ट्रॅकवर कधीच नाव कमावलं नव्हतं. त्याने २०२२ मध्ये व्हॅलेन्सियात पहिलीच मॅरेथॉन २:०१:५३ मध्ये जिंकली आणि पुढच्याच वर्षी शिकागोत २:००:३५ चा विश्वविक्रम केला.