पित्ताची गोळी आणि जठराचा कॅन्सर

सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतल्याशिवाय दिवस सुरू न होणारी माणसं घरोघरी सापडतात. बहुतेकांना खरोखर साधं पित्तच असतं. पंचाईत अशी, की जठराचा कॅन्सरही सुरुवातीला असाच वागतो: पोटात जडपणा, जळजळ, चार घासांतच पोट भरणं. पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळीने आम्ल कमी होतं, बरं वाटतं आणि दुखणं आत वाढत राहतं.

या कॅन्सरच्या मुळाशी बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकूच शकत नाहीत, असं डॉक्टर धरून चालत. हा पठ्ठ्या युरियापासून अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीच्या आम्लाचा जोर मोडतो. हा जिवाणू जठरात राहतो आणि तिथे सूज आणतो, हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांचं म्हणणं कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच हे जिवाणू प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. (आगाऊपणाच तो! पण २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.)

सुजेपासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास काही दशकांचा असतो, आणि तो सगळ्यांचा होत नाही. भारतात हा संसर्ग सर्रास आढळतो, तरी जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी. मिझोराम मात्र अपवाद. तिथे धुरावलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि 'तुइबुर' म्हणजे तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, यांच्याकडे संशोधक बोट दाखवतात. खारवलेलं अन्न, धूम्रपान आणि घराण्यातला इतिहास यांनीही धोका वाढतो.

डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना उतरणारं वजन, घास अडकणं, सतत उलट्या, घसरणारं हिमोग्लोबिन, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं 'पित्त' असेल, तर गोळी बदलून बघत बसू नये, एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर तपासणं) करावी. काही मिनिटांचं काम असतं आणि तेव्हाच तपासणीसाठी तुकडाही घेता येतो.

अगदी वरवरचा कॅन्सर दुर्बिणीतूनच काढता येतो. पुढे गेलेल्याला शस्त्रक्रिया लागते, बहुधा आधी आणि नंतर केमोथेरपी. गाठीत हर-२ प्रथिन जास्त असेल आणि आजार पसरलेला असेल, तर त्या प्रथिनावर नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध केमोथेरपीच्या जोडीला देतात. पूर्ण जठर काढलं तरी माणूस जगतो: अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं लागतं आणि बी-१२ जीवनसत्त्व जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं.