प्रेमानंदाचं बडोदं

आपण मराठी माणसं बडोद्याची गोष्ट सयाजीरावांपासून सुरू करतो. अभिमानापोटी होतं तसं, पण त्यात या गावाचा मूळ आवाज ऐकायचा राहून जातो.

इ. स. 812च्या ताम्रपटात 'वडपद्रक', म्हणजे आजचं बडोदं, हे वडाच्या झाडांवरून नाव पडलेलं खेडं आहे, अंकोट्टकाजवळचं. ते अंकोट्टक म्हणजे आजचं अकोटा. तिथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत.

सतराव्या शतकात याच गावात प्रेमानंद भट झाला. तो माणभट्ट. 'माण' म्हणजे मोठ्या पोटाची, अरुंद तोंडाची तांब्याची गागर. ती पुढ्यात घ्यायची, बोटांत घातलेल्या अंगठ्यांनी तिच्यावर ताल धरायचा आणि चौकात जमलेल्या लोकांना आख्यान गाऊन सांगायचं. आपल्या कीर्तनकाराचा हा सख्खा भाऊच. पोटासाठी प्रेमानंद सुरतेला गेला, तिथून थेट नंदुरबारला. आपल्या खानदेशात राहून त्याने गुजराती काव्य रचलं, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असतं?

'कुंवरबाईनुं मामेरुं' हे त्याचं मला सगळ्यात जवळचं आख्यान. लेकीच्या डोहाळजेवणाला माहेरचा आहेर न्यायचा आणि बाप कोण, तर कफल्लक संत नरसी मेहता. व्याह्यांकडची कुजबुज, लेकीची घालमेल प्रेमानंद अशी रंगवतो की कथा पुराणातली न राहता शेजारच्या घरातली होते. शेवटी आहेर देव पुरवतो, पण लक्षात राहते ती कुंवरबाई.

दमाजीराव गायकवाडांनी 1734मध्ये बडोदं घेतलं आणि मराठी राज्यकर्ते आले. पुढे 1875मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून गादीवर बसला, तेच सयाजीराव. सयाजीरावांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी प्रजेची भाषा परकी मानली नाही. जुनं गुजराती काव्य छापणाऱ्या 'प्राचीन काव्यमाळे'ला राज्याचा आश्रय मिळाला. 1906मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. मग 1910मध्ये अमेरिकेहून बोर्डन हे ग्रंथपाल आले आणि गावोगाव वाचनालयं निघू लागली. बडोद्यातल्या मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. 1931च्या 'सयाजी शासन शब्द कल्पतरू'त तर कारभाराचे शब्द गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांत शेजारीशेजारी मांडले आहेत.

मराठीही इथे रुजली. कवी माधव जूलियन जन्मले ते बडोद्यात. 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी चार मराठी साहित्य संमेलनं इथे भरली. आणि इथल्याच विद्यापीठात गुजराती लेखक सुरेश जोशींनी गुजराती साहित्यातल्या आधुनिकतेला वळण दिलं.

आणि प्रेमानंद? चैत्र लागला की गुजराती घरांतून त्याचं 'ओखाहरण', म्हणजे उषा-अनिरुद्धाचं आख्यान, अजून गायलं जातं.